ते एक मत कुणाचं होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण हा प्रश्न मला अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवताना दरवर्षी यायचा आणि आता लग्नाकार्यात भेटणारे जुने विद्यार्थीही तोच विचारतात. सर, 1999 ला वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं, ते एक मत नक्की कुणाचं?

17 एप्रिल, शनिवार होता. घरी टीव्हीसमोर आम्ही सगळे चिकटून बसलेलो, आणि आकडा आला 269 विरुद्ध 270. आमचे वडील काही बोलले नाहीत, उठून आत गेले.

बहुतेकांना उत्तर म्हणून गिरिधर गमांग हे नाव हवं असतं. ते फेब्रुवारीत ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले पण कोरापुटच्या खासदारकीचा राजीनामा दिलेला नव्हता, सभापती बालयोगींनी निर्णय त्यांच्या सद्सद्विवेकावर सोडला आणि त्यांनी विरोधात मत दिलं. नियमात बसत होतं, पण मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण मग सैफुद्दीन सोझ? त्यांच्या नॅशनल कॉन्फरन्स पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा पक्षादेश, सरकारच्या बाजूनं, त्यांनी तो मोडून विरोधात मत दिलं, पक्षानं काढून टाकलं. आणि मायावतींच्या बसपाचे पाच खासदार तर तटस्थ राहतील असं धरून चाललेलं, त्यांनीही ऐनवेळी विरोधात बटण दाबलं. यातलं कुठलंही मत इकडचं तिकडे झालं असतं तर आज आपण दुसराच इतिहास शिकवला असता.

म्हणून मी मुलांना सांगायचो की एका मताच्या मागे लागू नका, अण्णाद्रमुकच्या 18 खासदारांकडे बघा. मार्च 1998 मध्ये जयललितांनी पाठिंब्याचं पत्रच रखडवलं होतं, तिथेच सगळं दिसत होतं. पुढे तेरा महिने मागण्या चालूच, तामिळनाडूतलं द्रमुकचं सरकार बरखास्त करा, बडतर्फ केलेले नौदलप्रमुख विष्णू भागवत यांना परत घ्या, जॉर्ज फर्नांडिसांना संरक्षण खात्यातून हलवा. यातल्या काही मान्य केल्या असत्या तर सरकार टिकलं असतं पण ते सरकार कसलं राहिलं असतं? 14 एप्रिलला जयललितांनी राष्ट्रपती नारायणन यांना पाठिंबा काढल्याचं पत्र दिलं आणि राष्ट्रपतींनी विश्वासदर्शक ठराव मांडायला सांगितलं.

पण मला खरी चीड येते ती पुढच्या आठवड्याची. पाडलं तर पाडलं, लोकशाहीत तो हक्कच आहे, पण पुढे कोण? सोनिया गांधींनी 272 खासदार असल्याचं सांगितलं, मुलायमसिंहांनी पाठिंबा द्यायला नकार दिला, आकडा जमलाच नाही. 26 एप्रिलला लोकसभा बरखास्त, तेरा महिन्यांत. 270 जणांचं एकमत फक्त 'हे नको' यावर होतं. जर्मनीत चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, अविश्वासानं हटवायचं तर त्याच मतदानात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो, 1982 मध्ये श्मिट गेले आणि कोल आले ते असेच. आपल्याकडे राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोगानं 2002 मध्ये साधारण अशीच शिफारस केली, ती तशीच पडून आहे आणि माझं ठाम मत आहे की ती व्हायला हवी.

का एवढा तळमळून बोलतो ते सांगतो. मे महिन्यात कारगिल सुरू झालं. देशात काळजीवाहू सरकार. विरोधक म्हणत होते राज्यसभेचं तरी खास अधिवेशन बोलवा, तेही झालं नाही. जवानांच्या शवपेट्या गावोगावी येत होत्या आणि त्यांच्याबद्दल सरकारला जाब विचारायला, प्रश्न मांडायला लोकसभाच अस्तित्वात नव्हती, ऑक्टोबरपर्यंत.