ह्युस्टनमधले पहिले महिने, गाडीशिवाय

ह्युस्टनला नोकरी लागली म्हटलं की ओळखीपाळखीचे सगळे आधी गाडीचं विचारतात. "उतरल्या उतरल्या गाडी घे, नाहीतर तिथे दूधसुद्धा मिळायचं नाही," असं पुण्यातच तिघाचौघांनी बजावलं होतं. मी घेतली नाही. सुरुवातीचे महिने मेट्रोरेल, बस आणि पायी काढले. आता नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला, निदान ज्यांचं काम मेडिकल सेंटरमध्ये (इथला मोठ्या रुग्णालयांचा परिसर) किंवा डाउनटाउनमध्ये आहे त्यांना, मी आग्रहाने हेच सांगते : लायसन्सच्या तयारीला लगेच लागा, पण गाडीची घाई करू नका.

हे शहर एकदम कवेत येत नाही. हद्दीत माणसं साधारण 23 लाख, क्षेत्रफळ मात्र बृहन्मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. आतून 610 लूप, मग बेल्टवे 8, त्याबाहेर ग्रँड पार्कवे, अशी रस्त्यांची कडी एकाबाहेर एक पसरत गेली आहेत. कॅटी फ्रीवे काही ठिकाणी दोन्ही बाजूंच्या फीडर रस्त्यांसह (फ्रीवेला लागून जाणारे जोडरस्ते) 26 लेनचा होतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो अक्षरशः अंगावर आला. त्यात इथे झोनिंगचा, म्हणजे कुठे घरं आणि कुठे दुकानं हे ठरवणारा, कायदा नाही. 1948, 1962 आणि 1993 अशा तीन वेळा लोकांनी मतदानात तो नाकारला. त्यामुळे टुमदार घरांच्या रांगेला लागून टायरचं दुकान आणि त्यामागे काचेचा टॉवर असं सहज दिसतं. मला ते आवडलं. आखीव वस्तीपेक्षा त्यात जास्त जीव वाटला.

घर शोधताना मी मेट्रोरेलची रेड लाइन हाताशी धरली. डाउनटाउन, म्युझियम डिस्ट्रिक्ट, हर्मन पार्क, मेडिकल सेंटर आणि पुढे दक्षिणेला फॅनिन साउथ, असा तिचा मार्ग. तिकीट सव्वा डॉलर, आणि कार्ड असेल तर तीन तासांत बस बदलायचे वेगळे पैसे नाहीत. स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरातली अपार्टमेंट पाहायची, असं ठरवून टाकलं. भाडं थोडं जास्त पडलं, पण हप्ता, विमा, पार्किंग आणि पेट्रोल वाचलं, त्यात ते भरून निघालं.

भाड्याइतकाच मोठा प्रश्न पाण्याचा होता. इथे वर्षाला साधारण 50 इंच पाऊस पडतो. शहर सपाट आहे आणि पाणी वाहून नेणारे बायू एरवी संथ ओढ्यांसारखे दिसतात. त्यांच्याकडे पाहून कोणाला भीती वाटणार नाही. पण मेडिकल सेंटरजवळून वाहणाऱ्या ब्रेज बायूकाठच्या मायरलँड या वस्तीत 2015, 2016 आणि 2017 अशी लागोपाठ तीन वर्षं घरांत पाणी शिरलं. 2017चं अर्थातच हार्वे वादळ. 2001च्या अ‍ॅलिसन वादळात तर मेडिकल सेंटरच्या तळघरांत पाणी भरलं होतं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हे सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाले, "स्वयंपाकघर नंतर बघ, आधी पुराचा नकाशा बघ." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. 2022पासून टेक्सासमध्ये घरमालकाने जागा पूररेषेत येते का, आणि गेल्या पाच वर्षांत तिथे पाणी शिरलं होतं का, हे भाडेकरूला लेखी कळवावं लागतं. तो कागद मागून घ्या, वाचा, मगच सही करा. मी दुसऱ्या मजल्यावरची जागा घेतली. कोणत्या बायूला किती पाणी आहे हे हॅरिस काउंटीच्या (ह्युस्टन ज्या जिल्ह्यात येतं तो) पूरसूचनेच्या संकेतस्थळावर त्या त्या वेळी दिसतं. पावसाळी दिवशी घराबाहेर पडण्याआधी ते बघायची सवय मला तेव्हा लागली.

वीजजोडणीसाठी कंपनी आपण निवडायची असते. तारा आणि खांब एकाच कंपनीचे, वीज विकणाऱ्या मात्र कितीतरी. सरकारी 'पॉवर टू चूज' संकेतस्थळावर दर शेजारी शेजारी दिसतात. तिथे किती युनिटला कोणता दर लागतो हे नीट पाहावं, कारण स्वस्त दिसणारा दर बऱ्याचदा ठरावीक वापरालाच लागू असतो. हे बिल स्वतःच्या नावावर असलं तर पुढे लायसन्ससाठीही कामी येतं.

किराण्यासाठी शनिवारी दोन नंबरची बेलेअर बस धरून हिलक्रॉफ्टला जायचं. महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट म्हणतात तो भाग तिथेच पुढे आहे. बसमधून उतरून ऑगस्टच्या उन्हात पिशव्या घेऊन चालणं सोपं नाही. फूटपाथ मध्येच संपतो आणि सावली जवळपास नसते. पण त्याच चालण्यात मला कळलं की एकाच रस्त्यावर मध्य अमेरिकेतल्या बेकऱ्या, व्हिएतनामी खाणावळी आणि आपले पोहे, शेंगदाणे, कोथिंबीर मिळणारी दुकानं आहेत. फ्रीवेवरून यातलं काही दिसत नाही.

लायसन्सची तयारी दरम्यान चालूच होती. पासपोर्ट, व्हिसा, आय-94 (अमेरिकेत आल्याची नोंद), सोशल सिक्युरिटी नंबर आणि पत्त्याचे दोन पुरावे लागतात. इथे किमान 30 दिवस राहत असल्याचं त्यातल्या एकावरून दिसायला हवं. भाडेकरार आणि विजेचं बिल चाललं. लेखी परीक्षेत 30 प्रश्न, त्यातले 21 बरोबर यावे लागतात. सरकारी पुस्तिका मन लावून वाचली तर ती अवघड नाही. वय 18 ते 24 असेल तर आधी सहा तासांचा कोर्स लागतो. मी त्या वयाच्या पुढची, म्हणून मला फक्त लक्ष विचलित होऊन होणाऱ्या अपघातांवरचा तासाभराचा व्हिडिओ पाहायचा होता. त्याचं प्रमाणपत्र 90 दिवसच चालतं, तेव्हा ड्रायव्हिंग टेस्टची तारीख मिळाल्यावरच तो पाहावा.

पुण्यात मी वर्षानुवर्षं स्कूटर चालवली, चारचाकी फारशी नाही. इथे एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले. उजव्या बाजूने चालवणं लवकर अंगवळणी पडलं. खरा सराव लागला तो चारही बाजूंना स्टॉप असलेल्या चौकात आधी आलेल्याला आधी जाऊ देण्याचा, आणि पॅरलल पार्किंगचा. टेस्टला गाडी आपल्यालाच न्यावी लागते, विम्याच्या कागदांसकट; स्कूलने त्यांचीच दिली.

पास झाल्यावर 33 डॉलर भरून कागदी तात्पुरतं लायसन्स हातात आलं, कार्ड नंतर टपालाने. आपल्यासारख्या व्हिसावरच्या लोकांचं लायसन्स व्हिसाच्या मुक्कामापुरतंच चालतं. मुदतवाढ मिळाली की नवे कागद घेऊन पुन्हा जावं लागतं, त्यामुळे दोन्ही तारखा कॅलेंडरमध्ये एकत्रच टाकून ठेवा.