वजनकाटा अडला म्हणून ताट कमी करू नका

लठ्ठपणासाठी पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग काढून टाकणं) किंवा बायपास (लहान केलेलं पोट थेट आतड्याला जोडणं), झाल्यावर उतरणारं वजन कधी ना कधी अडतंच. ते अडलं की पहिला विचार येतो तो आणखी कमी खाण्याचा. अर्धी पोळी चालायची तिथे पाव, दोन वेळच्या जेवणाऐवजी एक वेळ नुसतं सूप. बहुतेक वेळा हाच उपाय चुकतो. आधी बघायचं ते वजन कोणत्या टप्प्यावर अडलंय. तिसऱ्या आठवड्यातलं अडणं, सहाव्या महिन्यातलं अडणं आणि दीड वर्षानंतरचं अडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव तेवढं सगळ्यांना एकच, 'प्लॅटो'.

तिसऱ्या आठवड्याचं प्रकरण सोपं आहे. यकृतात आणि स्नायूंत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. शस्त्रक्रियेनंतर पातळ आहारावर हा साठा संपतो, पाणी निघून जातं आणि काटा भराभर उतरतो. मग खाणं थोडं वाढतं, शरीर त्यातला काही साठा परत भरतं आणि पाणी धरून ठेवतं. आत चरबी जळतच असते, पण दीड-दोन किलो पाण्याच्या आड ती काट्यावर दिसत नाही. हे एक ते तीन आठवडे चालतं आणि आपोआप सुटतं. या काळात करायचं एकच: प्रथिनं आणि पाणी मोजून घ्यायचं, आणि काट्यावर रोज उभं राहणं बंद करायचं.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर आणि त्याच फरशीवर करा. गादीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा खोटं बोलतो. पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी वाढतं, म्हणून बायकांनी मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. बद्धकोष्ठ असेल तर तेही काट्यावर दिसतं. शिवणकामाची टेप घेऊन दर पंधरा दिवसांनी कंबर (बेंबीच्या रेषेत), नितंब, मांडी आणि दंड मोजून वहीत लिहा. चार आठवडे वजनही हललं नाही आणि टेपही हलली नाही, तरच वजन खरोखर अडलंय असं म्हणायचं.

चौथ्या ते आठव्या महिन्यात जे अडतं, तिथे खरं काम आहे. ११० किलोचा माणूस ८० किलोवर आला की तेच तीन किलोमीटर चालायला त्याला आधीपेक्षा पाव हिश्शाहून जास्त कमी ऊर्जा लागते, कारण ओढायचं ओझंच ३० किलोंनी घटलेलं असतं. बसल्या जागी लागणारी ऊर्जाही उतरते, आणि वजनाच्या हिशेबाने उतरायला हवी त्यापेक्षा थोडी जास्तच उतरते. त्यात प्रथिनं कमी पडली तर शरीर स्नायू मोडून खातं आणि हा खर्च आणखी घटतो. ताट कमी करण्यातला धोका हाच. चार घास कमी केले की पहिल्यांदा उसळ आणि पनीर जातं, चहा-बिस्किट मात्र राहतं.

प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हवीत. आपल्याकडच्या शाकाहारी घरात हा आकडा गाठणं अवघड जातं, त्याचं मोठं कारण वरणावरचा विश्वास. १५० मिलीच्या वाटीतल्या पातळ वरणात जेमतेम २० ग्रॅम तूरडाळ असते, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिन. ६० ग्रॅम नुसत्या वरणातून आणायचं म्हटलं तर तेरा वाट्या लागतील, आणि स्लीव्हनंतर उरलेलं पोटच मुळी १०० ते १५० मिलीचं. तेव्हा वरण प्यायचं नाही. पातेल्याच्या तळाशी बसलेलं घट्ट वरण चमच्याने खायचं. शाकाहारी दिवस असा जमतो: सकाळी २०० मिली टोन्ड दुधात व्हे प्रोटीनचा एक स्कूप, अर्ध्या-पाऊण तासात घोट घोट (३० ग्रॅम). दुपारी ५० ग्रॅम पनीर आणि अर्धी वाटी घट्ट वरण (१३). चार वाजता १०० ग्रॅम चक्का, साखर न घालता (८). रात्री २० ग्रॅम कोरड्या सोयावड्या भिजवून, पिळून, बारीक चिरून भाजीत (१०). झाले ६१. मांसाहारी लोकांचं काम हलकं असतं, एका अंड्याचे ६ आणि १०० ग्रॅम बांगड्याचे किंवा चिकनचे २० ग्रॅम सहज मिळतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

ताटातला क्रमही महत्त्वाचा आहे. आधी प्रथिन, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा चतकोर. भाकरीने सुरुवात केली की पनीर ताटातच राहतं.

एवढं करूनही काटा हलत नसेल तर जेवणाच्या मधल्या वेळेकडे बघा. लहान केलेलं पोट घट्ट अन्नाला अडवतं. कुरकुरीत आणि विरघळणाऱ्या अन्नाला ते अडवत नाही. शेव, चिवडा, खारी, चहात बुडवलेलं बिस्किट, आइस्क्रीम हे सगळं सरकत खाली जातं आणि पोट भरल्याची खूणही मिळत नाही. मूठभर शेव म्हणजे ३० ग्रॅम, साधारण १६० कॅलरी; ज्वारीची एक मध्यम भाकरी जवळपास तेवढीच. भाकरी एका बैठकीत संपत नाही म्हणून आपण खूश असतो, आणि डब्याजवळून येता-जाता तीन वेळा मूठ भरली जाते. पोरांच्या ताटातलं उरलेलं 'टाकवत नाही' म्हणून तोंडात जातं, तेही याच खात्यात. तीन दिवस, त्यातला एक सुटीचा, तोंडात गेलेली प्रत्येक वस्तू जाताक्षणी लिहा. रात्री आठवून लिहिलेल्या वहीत शेव नसते.

तेलाचा हिशेब मात्र रोजच्या अंदाजाने करू नका, महिन्यावरून करा. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज ३३ मिली होतं, म्हणजे सुमारे २७० कॅलरी. तुमच्या भाजीपुरतं तेल दिवसाला चहाचे तीन चमचे, १५ मिली, एवढं वेगळ्या बाटलीत काढून ठेवा. पळीने अंदाज घेणाऱ्याचा अंदाज नेहमी एकाच बाजूला चुकतो.

उपवासाचं वेगळं सांगायला हवं. साबुदाण्यात प्रथिन नसल्यातच जमा. खिचडीत जे काही असतं ते कुटाचं. श्रावणात सोमवार, शनिवार आणि मधे एकादशी असं करत आठवड्याचे तीन दिवस साबुदाणा, बटाटा आणि वरीवर काढले तर वजन अडण्याचं कारण दुसरीकडे शोधायला नको. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, ताक, पनीर त्यात बसतं. देवाची त्याला हरकत असल्याचं ऐकिवात नाही.

पाणी दीड ते दोन लिटर, पण जेवताना नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. कोरडं जेवण पोटात जास्त वेळ थांबतं, हा त्यामागचा हिशेब. पन्ह्यात, कोकम सरबतात आणि शहाळ्यात साखर असते, ती पाण्यात धरायची नाही.

चालणं बहुतेक सगळे करतात, ओझं उचलणं फार थोडे. स्नायू टिकवायला ओझं उचलणंच लागतं. सर्जनने परवानगी दिल्यावर आठवड्यातून दोन-तीन दिवस: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा, भिंतीला हात टेकून दंड १० वेळा, एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत धरून कोपरातून वर उचलणं १२ वेळा. असे तीन फेरे. प्रत्येक प्रकारातले शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सहज झाले तर हातातलं ओझं वाढवायची वेळ आली.

'पाच दिवसांचं पाउच रीसेट' (पाउच म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचं लहान पोट) नावाचा एक प्रकार मोबाइलवर फिरत असतो. पाच दिवस पातळ खाऊन पोट पुन्हा लहान होत नाही. दोन किलो उतरतात, ते वर सांगितलेलं पाणी, आणि सहाव्या दिवशी परत येतं.

दीड वर्षानंतर गोष्ट बदलते. स्लीव्हनंतर मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरतं आणि ते १२ ते १८ महिन्यांत तळाला पोहोचतं. १२० किलोची बाई ८४ ते ९० वर येऊन थांबली तर शस्त्रक्रियेने आपलं काम केलंय. उंचीच्या तक्त्यातला ५८ हा आकडा समोर ठेवून त्याला 'अडणं' म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. पुढच्या वर्षांत दोन-चार किलो परत येणंही नेहमीचंच. पण तळापासून वजन चढतच चाललं असेल, किंवा आधी चार घासांत भरणारं पोट अचानक पूर्ण ताट घेऊ लागलं असेल, तर घरगुती उपाय थांबवून सर्जनकडे जा. एंडोस्कोपी किंवा बेरियमचा एक्स-रे करून पोट किंवा बायपासमधला पोट-आतड्याचा जोड ताणलाय का ते बघता येतं. सतत उलट्या होत असतील तर त्या वजनासाठी 'बऱ्या' नाहीत. जीवनसत्त्व बी-१ संपून मेंदूला आणि नसांना इजा होऊ शकते, त्यामुळे त्याच दिवशी दाखवा.

बायपास झालेल्यांत आणखी एक चकवा असतो. जेवल्यावर एक ते तीन तासांनी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. भात किंवा गोड खाल्ल्यावर इन्सुलिन उसळून साखर खाली घसरलेली असते. माणूस पेढा तोंडात टाकतो, बरं वाटतं, दोन तासांनी पुन्हा तेच. दिवसाला चार पेढे झाल्यावर वजन कसं उतरेल? त्या क्षणी ग्लुकोमीटरने साखर मोजून आकडा लिहा. ती खरंच घसरलेली असेल तर तेवढ्यापुरती साखर घ्यावीच लागते, पण कायमचा इलाज जेवणातला भात कमी करून प्रथिन वाढवण्यात आहे.

तपासण्यांत टीएसएच (थायरॉइड), हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), जीवनसत्त्व बी-१२ आणि डी, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघावं. बी-१२ कमी असल्याने वजन अडत नाही, पण लोह घसरलं की जिना चढवत नाही आणि हालचाल थांबते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर हवं, आणि थायरॉइडच्या गोळीपासून दोन्ही चार तास लांब. सकाळी सगळ्या गोळ्या एका घोटात घेणाऱ्यांचं टीएसएच बिघडलेलं सापडतं ते यामुळेच. स्टेरॉइड, इन्सुलिन, आणि मानसिक आजार, फिट्स किंवा नसांच्या दुखण्यावर दिली जाणारी ओलॅन्झापिन, मिर्टाझापिन, व्हॅल्प्रोएट, प्रीगॅबॅलिन ही औषधंही वजन वाढवू शकतात. ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, पर्याय आहे का ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं.

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही भूक कमी करून वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आल्यापासून वजन परत चढलेल्यांना तीही सुचवली जातात. उपयोग होतो, पण भूक आधीच कमी असलेल्या माणसाची ती आणखी मरते, आणि ६० ग्रॅम प्रथिनांचं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं. म्हणून सर्जन आणि डाएटिशियन दोघांनाही न दाखवता सुरू करू नका. जाताना तीन दिवसांची वही, टेपचे आकडे आणि चालू औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. नावं आठवून सांगायला बसलं की 'ती रात्रीची पांढरी गोळी' हमखास राहून जाते.