पिशवीसह खाली उतरलेले भिंग

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर आयुष्य काढलेले एक मामा मुलासोबत तपासणीला आले. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू काढून भिंग बसवले होते. नजर उत्तम होती. आता त्या एकाच डोळ्याने त्यांना दोन-दोन दिसू लागले होते. "लेन्सची मुदत संपली का, डॉक्टर?" मुलाने विचारले.

भिंगाला मुदत नसते. १९४९ साली हॅरॉल्ड रिडले यांनी लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले, तेही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले ॲक्रिलिकचे तुकडे डोळा सहन करतो हे पाहूनच. झिजतो तो आधार. भिंग डोळ्यातल्या मूळ भिंगाच्या नैसर्गिक पिशवीत बसते आणि ती पिशवी भोवतालच्या अतिसूक्ष्म तंतूंवर तोललेली असते.

स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, मामांची नजर स्थिर झाल्यावरही भिंग क्षणभर थरथरत राहिले. त्याची वरची कड बाहुलीच्या मध्यापर्यंत उतरली होती, म्हणूनच दोन प्रतिमा दिसत होत्या. आणि बाहुलीच्या काठावर कोंड्यासारखी पांढरी पुटे होती. हे स्यूडोएक्सफोलिएशन, ज्यात तंतू वर्षानुवर्षे कमकुवत होत जातात आणि शस्त्रक्रिया निर्दोष झालेली असली तरी भिंग पिशवीसकट निसटू शकते. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर हे थरथरणे कमी जाणवते. म्हणून थेंबांपूर्वीची तपासणी कितीही गर्दी असली तरी वगळू नये, असे माझे ठाम मत आहे.

भिंग शस्त्रक्रियेने पुन्हा जागेवर बांधायचे ठरले. खरी काळजी मामांना टेबलावर उताणे झोपवल्यावर होती, कारण तेव्हा भिंग मागे कलते आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) जाऊन पडू शकते. म्हणून रेटिना सर्जनना थिएटरमध्ये बोलावून ठेवले होते. भिंग मागे झुकले, पण सुटले नाही. बाहुलीत आलेला व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ) आम्ही आधी कापून काढला, मग भिंगाच्या दोन्ही पायांभोवती (त्याला जागेवर धरणाऱ्या बाजूच्या बारीक कमानींभोवती) पिशवीतूनच टाके घेऊन ते डोळ्याच्या पांढऱ्या भित्तीला बांधले. धागा मुद्दाम ९-० जाडीचा पॉलिप्रॉपिलीन घेतला, कारण त्याहून बारीक १०-० धागा काही वर्षांनी तुटल्याची उदाहरणे आहेत.

दुसऱ्या दिवशी मामांना एकच प्रतिमा दिसत होती. डाव्या डोळ्यातही तशीच पुटे आहेत आणि तिथे मोतीबिंदू वाढतो आहे. या विकारात काचबिंदूचाही धोका असल्याने दोन्ही डोळ्यांचा दाब नियमित तपासायचा, आणि डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करताना पिशवीला आधार देणारी रिंग तयार ठेवायची, असे त्यांच्या फाइलवर ठळक लिहून मुलालाही समजावून सांगितले.