हँडब्रेक न लावलेली गाडी

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर भाचा माझ्या पलंगावर आडवा पडून मोबाइलवर जीटीए सॅन अँड्रियास खेळत होता. मी डुलकीच्या बेतात. तेवढ्यात तो म्हणाला, "मामा, बिगफूट नक्की कुठं दिसतो रे?"

डुलकी गेली ती गेलीच. हा गेम 2004चा, पीसीवर आला 2005 साली. भाच्याचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आणि तोही त्याच जंगलात, त्याच दंतकथेतल्या केसाळ वानरमाणसाच्या मागावर!

आमचा शोध सायबर कॅफेत चालायचा. पंधरा रुपये तास, दोघांत एक खुर्ची. एकानं माउस धरायचा, दुसऱ्यानं कीबोर्ड. वहीच्या शेवटच्या पानावर चीट कोड. तब्येत आणि पैसे फुकटात देणारा हेसोयम तर एकोणतीसच्या पाढ्याहून पक्का पाठ. मिशन वगैरे कुणाला खेळायचं होतं? सँचेझ बाइक उचलायची आणि थेट बॅक ओ'बियाँडचं जंगल गाठायचं, तेही रात्री. शहरात नुसता धक्का लागला तरी माणसं शिव्या द्यायची, इथं मात्र चिटपाखरू नाही. धुकं, झाडं, आणि काउंटरवरून "पाच मिनिटं राहिली रे" अशी हाक.

एकदा उतारावरून एक चेपलेली ग्लेनडेल गाडी आपसूक खाली आली. आत कुणी नाही. माझ्या बाकावरच्या मित्रानं कीबोर्डवरचे हातच काढले आणि आमचा सीजे, म्हणजे गेमचा हीरो, झाडावर जाऊन आपटला. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन तट. गाडी बिगफूट ढकलतो, हा एक. ड्रायव्हर तिथंच मेलाय आणि घरी जायचा प्रयत्न करतोय, हा दुसरा. मी दुसऱ्यात.

पुढे कळलं ते असं. त्या चेपक्या गाड्या गेमवाल्यांनीच उतारावर उभ्या करून ठेवलेल्या. आपण जवळ गेलो की गेम गाडी मांडतो, तिला हँडब्रेक नसतो, ती घरंगळते. धुक्याचंही तसंच. गेम आधी ज्या प्लेस्टेशन टू यंत्रावर आला त्याची मेमरी 32 एमबी, लांबचं सगळं पडद्यावर दाखवणं परवडायचं नाही, मग घाला धुक्यावर धुकं. थोडक्यात काय, आमची निम्मी भीती काटकसरीची होती.

आणि हे मला आधीच कळायला हवं होतं. आमच्या आजोळी मागच्या बोळात झिरोचा बल्ब होता. बिल येतं म्हणून आजीनं तिथं दुसरा कधी लावू दिला नाही. बोळाच्या टोकाला मोरी, मोरीच्या आधी खुंटी, खुंटीवर आजोबांचं इरलं. रात्री लघवीला जाताना त्या इरल्याला खांदे फुटायचे. मावसभावानं तर त्याला पायही पाहिले होते, उलटे. मामानं पुढे तिथं ट्यूबलाइट लावली. तेव्हा दिसलं की भिंतीला पोपडे आलेत आणि खुंटी एका खिळ्यावर आहे. इरलं होतं तिथंच होतं, पण त्याच्याकडे बघावंसंही वाटेना.

गेमवाले मात्र बेरकी. गेममधल्या गँट ब्रिजच्या टोकावर चढलं की पाटी दिसते: इथं वर कसलेही ईस्टर एग (म्हणजे लपवलेल्या गमती) नाहीत, चालते व्हा. आम्ही त्यावरही विश्वास ठेवला नाही. नाही म्हणतायत म्हणजे असणारच! बिगफूट गेममध्ये नाही, हे कंपनीनं सांगूनही झालं होतं. मग 2013च्या जीटीए फाइव्हमध्ये त्यांनी खरंच एक बिगफूट आणला, आणि पाठलाग करून धरला तर निघाला केसाळ पोशाख घातलेला माणूस. हे मला आवडलं नाही. दशावतारातला राक्षस रंगपटात विडी ओढताना दिसावा, तसं झालं.

भाच्याला यातलं काही सांगितलं नाही. "जंगलात बघ," म्हटलं, "रात्रीचा जा."

बाकावरचा तो मित्र गेल्या वर्षी एका लग्नात भेटला. आता तो कर्जाचे कागद तपासतो. माणूस खोटं बोलतोय का, हे ओळखण्यावरच त्याचा पगार. त्यानं तेव्हा विद्येची शपथ घेऊन सांगितलं होतं की एकटा खेळताना त्याला बिगफूट दिसला. पंगतीत मी हळूच विषय काढला. जिलेबीचा तुकडा मठ्ठ्यात बुडवत तो म्हणाला, "पाहिला म्हणजे पाहिला."

मी पुढे काही विचारलं नाही. वाढपी आला होता, आणि मला अजून भात घ्यायचा होता.