अंगभर लव असलेली मग्दालीया मरीया: मूर्ती वाचताना

जर्मन शिल्पकार टिलमन रीमेनश्नायडरनं ही मग्दालीया मरीया, म्हणजे येशूची शिष्या आणि ख्रिस्ती संत, १४९०-९२ मध्ये जर्मनीतल्या म्युनरश्टाटच्या चर्चमधल्या वेदीसाठी कोरली, लिंडेन झाडाच्या लाकडात. आता ती म्युनिकच्या बवेरियन राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अंगभर दाट लव, भोवती देवदूत.

अशी मूर्ती समोर आली की मी प्रतीकांचा कोश लगेच उघडत नाही. आधी केस कुठे नाहीत ते टिपतो: चेहरा, स्तन, हात, पावलं, गुडघे. मग कोरीवकाम. डोक्यावरचे केस लांब, नागमोडी बटांचे. अंगावरचे मात्र आखूड, कुरळे झुपके. म्हणजे मोकळ्या केसांनी अंग झाकलेलं नाही, लव अंगावरच उगवलेली आहे.

घाई नडते ती इथे. उघडे गुडघे दिसले की 'प्रार्थनेनं झिजले' असं म्हणावंसं वाटतं. अर्थ गोड आहे, पण मी त्यावर भिस्त ठेवत नाही. पंधराव्या शतकातल्या जर्मन भिंतपडद्यांवर केसाळ रानबायका, म्हणजे रानात राहणाऱ्या काल्पनिक बायका, असतात, त्यांचेही स्तन आणि गुडघे असेच मोकळे. रीमेनश्नायडरनं तो रूढ साचाच उचलला. तिला संत करतात ते देवदूत: तेराव्या शतकातल्या संतचरित्रांनुसार ती ३० वर्षं एकांतात राहिली आणि देवदूत तिला रोज सात वेळा, प्रार्थनेच्या प्रहरी, वर उचलून नेत. फोटोतले देवदूत हातानं झाकून पाहा, रानबाईच उरते.

दुसरी गल्लत इजिप्तच्या मरीयेशी होते; ती वाळवंटात एकटी राहिलेली वेगळी संत. केसांनी अंग झाकण्याची गोष्ट मुळात तिची. हातात तीन भाकरी असतील तर ती, सुगंधी तेलाची कुपी असेल तर मग्दालीया.

शेवटी रंग, आणि तो मूळचा आहे का हा प्रश्न. म्युनरश्टाटची वेदी रंगाविना उभी राहिली. १५०४-०५ मध्ये ती फाइट श्टॉस या दुसऱ्या शिल्पकारानं रंगवली. फ्लॉरेन्सला उलटं घडलं. इटालियन शिल्पकार दोनातेल्लोची पॉप्लर लाकडातली कृश मग्दालीया तपकिरी थराखाली होती. १९६६ च्या पुरानंतर ती साफ केली, तेव्हा केसांत सोनेरी रेघा निघाल्या. त्यामुळे तिच्या काळवंडलेपणावर उभारलेलं जुनं विवेचन कोणत्या वर्षीचं आहे, हे मी आधी तपासतो.