जुन्नर बघायचं तर नाणेघाटापासून सुरुवात करा

जुन्नरला येणाऱ्या बहुतेकांचा बेत ठरलेला असतो: सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री, तिथून ओझर, आणि संध्याकाळी वेळ उरलाच तर नाणेघाट. वेळ उरत नाही. उरला तरी घाटघरला पोहोचेपर्यंत उजेड गेलेला असतो, शिलालेखाची भिंत दिसत नाही आणि नाणेघाट म्हणजे दगडी रांजणाजवळ काढलेला एक फोटो होऊन बसतो. हा क्रम मुळातच उलटा आहे. आज जुन्नर परिसरात जे आपण बघतो, किल्ले, लेणी, खुद्द जुन्नर शहर, त्यातलं बरंचसं नाणेघाटाच्या वाटेमुळे उभं राहिलं. घाट आधी पाहिला की मग बाकीच्या जागांची संगती आपोआप लागते.

सातवाहन काळात सोपारा, कल्याण या कोकणातल्या बंदरांवर उतरणारा माल देशावर चढवायची ही वाट. घाट चढून आलं की पहिलं मोठं ठाणं जुन्नर, तिथून पुढे पैठण. वाटेवर पहारा म्हणून घाटमाथ्यावर जीवधन, मग चावंड, हडसर आणि शहराच्या उशाला शिवनेरी. नकाशावर बोट फिरवलं तरी हे किल्ले घाट ते शहर या पट्ट्यात एकामागोमाग येताना दिसतात.

घाटाच्या तोंडाशी कातळात कोरलेली मोठी गुहा आहे. आत डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे, सातवाहन राणी नागनिकेचा. इसवीसनपूर्व पहिल्या-दुसऱ्या शतकातला. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात या आकड्यांची गणना होते, त्यामुळे लेख वाचता येत नसला तरी अंक शोधायला गंमत येते. दोन आडव्या रेघांचा २ सहज ओळखता येतो. मागच्या भिंतीवर पूर्वी सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आणि राजघराण्यातल्या इतरांचे पुतळे होते. आता वर नावं आणि खाली पावलांचे अवशेष, इतकंच शिल्लक आहे. भिंतीला हात लावू नका, अक्षरं ठळक दिसावीत म्हणून पाणी किंवा खडू तर अजिबात नको. टॉर्च समोरून न मारता भिंतीलगत तिरका धरला की खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात.

गुहेच्या वर, नाळ म्हणजे घाटाची अरुंद घळ जिथे पठाराला मिळते तिथे दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. शेजारी नानाचा अंगठा हा उंच कडा. त्याच्या कड्यावर कठडा सगळीकडे नाही आणि पावसाळ्यात गवताखाली कडेचा अंदाज येत नाही.

उलट्या धबधब्याची हवा आता फार झाली आहे, म्हणून थोडं त्याबद्दल. पठारावरचं पाणी पश्चिमेकडच्या कड्यावरून खाली पडतं. नैर्ऋत्येचा वारा त्याच कड्यावर आदळून वर उसळतो आणि पडणारं पाणी परत पठारावर फेकतो. म्हणजे ओढ्याला पाणी हवं आणि वाराही जोराचा हवा. जुलै-ऑगस्टमध्येसुद्धा वारा पडला असेल तर साधा धबधबाच दिसतो, आणि धुकं दाटलं तर तोही दिसत नाही. त्या दिवसांतल्या रविवारी घाटघरचा अरुंद रस्ता गाड्यांनी तुंबतो. पावसाळ्यात धबधबे, धरणं, कड्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, तेव्हा निघण्यापूर्वी बातमी बघून घ्यावी. माझं मत विचाराल तर नाणेघाट सप्टेंबरअखेर ते डिसेंबरमध्ये, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी बघावा.

जायचे मार्ग दोन. जुन्नरहून आपटाळे, चावंड, पूर, घाटघर असा साधारण तीस-पस्तीस किलोमीटरचा रस्ता थेट माथ्यावर येतो. दुसरा कोकणातून: कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर वैशाखरे ओलांडलं की जंगलातून पायवाट फुटते, दोन ते तीन तासांची चढण. पाय धड असतील तर हीच वाट घ्या. शेवटच्या टप्प्यातली फरसबंदी आणि वाटेवरची कोरीव पाण्याची टाकी बघितली की व्यापारी वाट म्हणजे काय ते पायांना कळतं. जुन्नरहून घाटघरला एसटीच्या फेऱ्या मोजक्याच आहेत. परतीची गाडी चालक-वाहकाला विचारूनच उतरावं. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल जुन्नरलाच भरा, पुढे मोबाइलची रेंजही भरवशाची नाही.

घाटातून जुन्नरकडे परतताना पूरला कुकडेश्वराचं देऊळ लागतं. कुकडी नदीचा उगम इथला. देवळाच्या भिंतींवरचं कोरीव काम निवांत बघण्यासारखं आहे, अर्धा तास पुरे.

जीवधन घाटघरहून चढतात, पण तो नवख्यांचा किल्ला नाही. जंगलात वाटा फसव्या आहेत आणि इंग्रजांनी सुरुंग लावून पायऱ्या उडवल्यामुळे मधले कातळटप्पे दोराच्या आधाराने पार करावे लागतात. पावसात तर नकोच. वर कोरीव धान्यकोठार आहे आणि कड्याशेजारी वानरलिंगीचा सुळका. माहितगार सोबत नसेल तर त्याऐवजी चावंड करा. चावंडवाडीतून निघालं की दीडेक तासात माथा. इथल्याही पायऱ्या इंग्रजांनी तोडल्या होत्या, आता त्या जागी लोखंडी कठडे आहेत. कठड्याला धरून चढताना पाय मात्र खोबणीतच ठेवायचा, कारण ओल्या कातळावर नुसत्या हातावर भार आला की तोल जातो. वर सात टाक्यांचा समूह आहे, सप्तमातृका टाकी म्हणून ओळखला जातो, आणि चामुंडेचं देऊळ. हडसरला दोन वाटा: एक खुंट्यांची, सरळ कातळावरून, दुसरी खिंडीतून पायऱ्यांची. पायऱ्यांचीच घ्या. सोपी म्हणून तर घ्याच, पण हडसरचं खरं वैभव असलेले कातळात कोरलेले दरवाजे त्याच वाटेवर आहेत. खुंट्यांनी चढून तिकडूनच उतरणाऱ्यांना ते दिसतच नाहीत.

शिवनेरीवर सात दरवाजांची राजवाट बांधीव पायऱ्यांची आहे. गाडी बरीच वरपर्यंत जाते, तिथून रमतगमत तासाभरात माथा येतो. चूक होते ती पाचव्या, शिपाई दरवाजापाशी. सगळे नाकासमोर चालत राहतात. तिथून उजवीकडे फुटणारी वाट शिवाई देवीच्या देवळाकडे जाते, आणि देवळामागच्या कड्यात लेणी आहेत. वर गेल्यावर अंबरखाना म्हणजे धान्यकोठार लागतं, पुढे गंगा-जमुना टाकी, शिवकुंज, कमानी मशीद आणि मग १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म झाला ती दुमजली इमारत. तिच्यापुढे बदामी तलाव आणि उत्तर टोकाला कडेलोट. बरेच जण जन्मस्थान पाहून तिथूनच मागे फिरतात. दहा मिनिटं आणखी चालून टोकापर्यंत जा. हवा स्वच्छ असेल तर तिथून हडसर, चावंड आणि नाणेघाटाची दिशा एका नजरेत येते. आदल्या दिवशी आलेली वाट वरून बघायला मिळते.

स्वराज्य उभं राहिलं तरी शिवनेरी शिवरायांच्या ताब्यात कधी आला नाही. १६५७ मध्ये त्यांनी जुन्नर शहर लुटलं, किल्ला मात्र मोगलांकडेच राहिला. १६७५ मध्ये इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर इथे आला तेव्हाही गडावर मोगल किल्लेदार होता. गडावर फिरताना एवढं ध्यानात असलं म्हणजे टाक्या आणि कोठारांकडे बघायची नजर बदलते. वेढा पडला तरी महिनोन्महिने तग धरता यावा, या हिशेबाने सगळं खोदलेलं आहे.

साखळीची वाट शहराच्या बाजूने, लेण्यांच्या पोटातून वर येते. कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि आधाराला साखळी. सवय असेल, कातळ कोरडा असेल आणि गर्दी नसेल तरच जावं, आणि चढायला वापरावी, उतरायला नाही. शिवजयंतीच्या आधीचा आणि नंतरचा दिवस धरून तीन दिवस गडावर तुडुंब गर्दी असते, वाहतूक वळवलेली असते. सोहळा बघायचा असेल तर जरूर या, गड बघायचा असेल तर दुसरा दिवस निवडा.

आता लेणी. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून जास्त बौद्ध लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी क्वचितच सापडतात, आणि तरी लोक एकट्या लेण्याद्रीला जाऊन परततात. लेण्याद्री शहरापासून पाच किलोमीटर, पायऱ्या तीनशेच्या आसपास. गिरिजात्मज गणपती ज्या सातव्या लेण्यात आहे तो मुळात विहार, म्हणजे भिक्षूंचं निवासस्थान. एवढ्या रुंद दालनाला मधे एकही खांब नाही आणि तिन्ही बाजूंनी भिक्षूंच्या वीस खोल्या आहेत. दर्शनाच्या रांगेत उभं असताना त्या मोजून बघा. शेजारचं सहावं लेणं म्हणजे चैत्यगृह, स्तूप असलेलं प्रार्थनागृह. तिथला लेख सांगतो की ते कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा सुलसदत्त याने दिलं. बंदराकडच्या माणसाचं दान घाटमाथ्यावर! नाणेघाटाची वाट इथे अशी भेटते. लेण्यांची तोंडं दक्षिणेला आहेत, त्यामुळे हिवाळ्यात आत उजेड छान येतो आणि एप्रिल-मेमध्ये पायऱ्या तापतात. चढताना हातात पिशवी, केळी, प्रसाद उघडा ठेवू नका, माकडं हिसकावतात आणि पायरीवर दचकून पडायला होतं.

शहराच्या दक्षिणेला मानमोडी डोंगर आहे. भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे लेण्यांचे तीन गट. भीमाशंकर गटात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे, पोढी म्हणजे पाण्याचं टाकं आणि मंडप दिल्याचा. भूतलिंग गटातलं चैत्यगृह अपुरं राहिलं, पण कमानीवरची गजलक्ष्मी अप्रतिम आहे, आणि तो दर्शनी भाग चंद नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, दिल्याचं तिथेच लिहिलेलं आहे. जुन्नरच्या दुसऱ्या एका लेखात इरिल या यवनाने दोन पोढी दिल्या. समुद्रापलीकडून आलेली माणसं इथल्या भिक्षूंसाठी पाण्याची सोय करत होती. लेण्याद्रीइतकीच तुळजा लेणीही पाहावीत असं मी म्हणेन. शहराच्या पश्चिमेला पाडळीजवळ, चढ थोडाच. तिथलं चैत्यगृह गोल आहे, मधे स्तूप आणि भोवती बारा अष्टकोनी खांबांचं कडं. अशा आराखड्याचं लेणं दुसरीकडे शोधून सापडायचं नाही.

मानमोडीला आणि शिवनेरीच्या लेण्यांत आग्या मोहोळं असतात. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. अत्तराचा किंवा डिओचा वास, सिगारेटचा वा उदबत्तीचा धूर, आरडाओरडा, ड्रोन यांतलं काहीही त्यांना उठवायला पुरतं. उठलीच तर झटापट न करता तोंड-डोकं कापडाने झाकून लांब पळायचं. मोहोळ कमानीतच दिसलं तर ते लेणं सोडून द्यावं, हे उत्तम.

जुन्नर शहरात बहुतेक जण थांबतच नाहीत. अहमदनगर वसण्याआधी निजामशाहीची पहिली राजधानी इथे होती. हापूसबागेतला सौदागर घुमट बघायला वीस मिनिटं लागतात आणि तिथे सहसा कोणी नसतं. जेवायला मासवडी मागा.

मुक्काम जुन्नर किंवा नारायणगावला करावा. पुण्याहून नारायणगाव साधारण पंचाहत्तर किलोमीटर, तिथून जुन्नर पंधरा. पहिला दिवस नाणेघाट आणि कुकडेश्वर, परतताना उजेड असेल तर तुळजा लेणी. दुसऱ्या दिवशी पहाटे शिवनेरी, मग लेण्याद्री, दुपारनंतर ओझर. मानमोडी आणि चावंडसाठी तिसरा दिवस लागतो. उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. अंधार पडल्यावर दुचाकी शक्यतो नको, आणि उसाच्या कडेला गाडी थांबवून उतरू तर मुळीच नये.

नारायणगावहून पूर्वेला खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. काही मधल्या भागात दाटीने, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या. आत जायला पूर्वपरवानगी लागते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मात्र प्रदर्शन भरतं आणि सर्वांना जाता येतं. मोबाइल बंद ठेवायला सांगतात तो खराच बंद करा. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की जवळच्या एका फोनचा गोंगाटही निरीक्षण बिघडवतो. आळेफाट्याहून नगरच्या दिशेने आणे घाटात गुळुंचवाडीला ओढ्याने खडक पोखरून तयार झालेला नैसर्गिक पूल आहे. तो पाहायला पावसाळा संपल्यावर जा, ओढ्याला लोंढा असताना खाली उतरता येत नाही. आणि कुकडीकाठी बोरी बुद्रुकला ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. ही राख सुमात्रातल्या टोबाच्या साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून खूप जुनी, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. थर भुसभुशीत असल्याने नुसत्या बोटानेही उकरला जातो, म्हणून तिथे खिशात भरून न्यायचा मोह आवरावा लागतो.