एका वादकाची चारच गाणी

आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर रविवारी पोल्काचा, म्हणजे मध्य युरोपातून आलेल्या नाचाच्या संगीताचा, कार्यक्रम असतो. केंद्र अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराच्या पूर्व भागात आहे आणि इकडे पोल्का म्हणजे स्लोव्हेनियन लोकांचा पोल्का. दोन ॲकॉर्डियन, बँजो, बास, ड्रम, कधी सॅक्सोफोन. शिकागोच्या पोलिश पोल्कातला ट्रंपेट-क्लॅरिनेटचा दणका इथे नाही. इथलं वाजवणं गुळगुळीत आणि जरा लाडिक. या पोल्काचे गाजलेले ॲकॉर्डियनवादक फ्रँकी यांकोविच याच शहरात लहानाचे मोठे झाले. पोल्काला ग्रॅमी द्यायला सुरुवात झाली ती १९८६ मध्ये, आणि पहिलं त्यांनाच मिळालं. ते १९९८ मध्ये गेले. त्यांना बघत शिकलेली मुलं आता ऐंशी-नव्वदीची झाली आहेत. त्यांच्यावर एकेक कार्यक्रम करायचा असं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण केंद्रात जुन्या रेकॉर्डी संगणकावर उतरवून घेणारी मीच. पोल्काशी माझं नातं विचाराल तर पुण्याला माहेरी एनॉक डॅनियल्सच्या ॲकॉर्डियनच्या रेकॉर्डी लागायच्या, तेवढंच.

पहिला मान ज्यांना दिला ते वादक नव्वदीला टेकलेले. इथे त्या वयाच्या माणसालाही सरळ पहिल्या नावाने हाक मारतात. ते काही माझ्या तोंडून निघेना, म्हणून मी शेवटपर्यंत 'मिस्टर' लावूनच बोलले. मनातल्या मनात आजोबा.

मी मोठ्या हौसेने दोन तासांची यादी केली, सगळी त्यांचीच गाणी. व्यवस्थापकांनी ती परत हातात दिली. आमचं प्रसारण इंटरनेटवरूनही जातं आणि तिथे कायद्याची मोजणी लागते: तीन तासांत एका कलाकाराची चारच गाणी, त्यातली लागोपाठ तीनच. एका अल्बममधली तीन, लागोपाठ दोन. नुसतं एफएमवर वाजवायचं असतं तर ही भानगड नव्हती. रेकॉर्डी जुन्या आहेत म्हणूनही सुटका नाही, कारण १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणं २०१८ च्या कायद्याने याच चौकटीत आणून बसवली आहेत. हक्कदाराने लेखी सूट दिली तर चालतं. आजोबांनी पदरचे पैसे घालून काढलेल्या एलपीचा प्रश्न त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका सहीत सुटला. बाकीच्या कंपन्या केव्हाच बंद पडलेल्या. त्यांच्या वारसांपैकी जे सापडले, त्यांना आपल्याकडे असे काही हक्क आहेत हेच माहीत नव्हतं. तो नाद मी सोडला.

वाट निघाली ती नियमातूनच. मोजतात ते मुख्य कलाकाराचं नाव. आणि आजोबांनी उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या बँडमध्ये दुसरं ॲकॉर्डियन वाजवण्यात घालवली होती. ती गाणी त्यांच्या खात्यात धरलीच जात नाहीत! म्हणजे चाराच्या जागी चाळीस वाजवता आली असती, फक्त ती कुठली हे कळायला हवं. लेबलवर नाव एकट्या बँडवाल्याचं. बाजूला बसून वाजवणाऱ्याचं नाव छापायची पद्धत नव्हतीच. तेव्हा त्यांना समोर बसवून सगळी खोकी ऐकायची, याला पर्याय उरला नाही.

त्याआधी तबकड्या ऐकण्याजोग्या करायच्या होत्या. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या बहुतेक लाखेच्या. त्या पुसायला स्पिरिट घेतलं तर लाखच विरघळते, म्हणून शुद्ध पाणी, दोन थेंब सौम्य साबण आणि मऊ ब्रश. सुईही वेगळी लागते. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. खरखर काढणारं सॉफ्टवेअर मी जपूनच वापरते, कारण बँजोचा प्रत्येक टणत्कार त्याला ओरखडा वाटतो आणि ते तोही साफ करून टाकतं. मग उरतो तो मऊ, मिळमिळीत पोल्का. त्यापेक्षा थोडी खरखर पत्करली. राहिला वेग. तबकडीवर ७८ छापलं असलं तरी मुद्रण नेमकं त्याच वेगाने झालं असेल याची खात्री नसते. आजोबा म्हणाले, थांब, आणि आतून ॲकॉर्डियन घेऊन आले. ॲकॉर्डियनचे सूर कारखान्यातच ठरलेले; तबला पेटीला लावतात तशी मी तबकडी त्यांच्या वाद्याला लावून घेतली.

ऐकताना ते डोळे मिटत नाहीत की मान डोलावत नाहीत. सुपारी कातरल्यासारखा कोरडा चेहरा. मधेच बोट वर करतात. "हा मी." कशावरून? "भाता कुठे उलटतो ऐक. माझा जोडीदार गाण्याच्या मध्येच उलटायचा, मी ओळ संपल्यावर." पुन्हा लावलं. खरंच, ओळीच्या शेवटी श्वास घेतल्यासारखी बारीकशी फट होती. दुसऱ्या एका तबकडीवर त्यांचा डावा हात, म्हणजे खालच्या सुरांची बटणं दाबणारा, ऐकूच येत नव्हता. ते म्हणाले, "बास वाजवणारा असला की डाव्या हाताने लुडबुड करायची नाही, अशी ताकीद होती." असं करत एकेका तबकडीचा छडा लागत गेला. जिथे ते "माहीत नाही" म्हणाले तिथे मी रिकामी जागा ठेवली. जिथे "मीच" म्हणाले तिथे 'त्यांच्या सांगण्यानुसार' असं लिहून ठेवलं.

प्रत्यक्ष प्रसारणाच्या दिवशी त्यांना एकच गोष्ट सांगायची होती: शनिवारी ते कुठे वाजवणार आहेत आणि तिकीट किती. आमचं केंद्र बिगरव्यावसायिक, कुणाच्या धंद्याची किंमत सांगून 'या' म्हणायची परवानगी नाही. मी हे तीनदा समजावलं. त्यांनी माइकसमोर गंभीरपणे सांगितलं, "शनिवारी मी कुठे असतो ते मला सांगायला मनाई आहे. पण माझ्या बायकोला विचारा."

फोन वाजू लागले. बरेचसे आनंदाचे. एका बाईंचा मात्र रागाचा: त्या अमुक तबकडीवरचं दुसरं ॲकॉर्डियन यांचं नाहीच, माझ्या थोरल्या भावाचं आहे, आणि तो अजून आहे, हवं तर विचारा. आजोबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खळखळून हसले. "तो? त्याला आणा." भाऊसाहेब पलीकडच्या गावी वृद्धाश्रमात असतात. पुढच्या महिन्यात दोघांना आपापल्या वाद्यांसकट स्टुडिओत बसवायचं ठरलं आहे, तोवर ती तबकडी माझ्याच कपाटात राहील.